बाळ रडलं का? पहिल्या एका मिनिटाचा इतिहास

लेबर रूमच्या दाराबाहेर उभे असलेले नातेवाईक आत गेलेल्या सिस्टरला काय विचारतात, हे तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकलं आहे का? मुलगा की मुलगी, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असतो, "बाळ रडलं का?" आमच्या खानदेशातली म्हातारी आजी अहिराणीत विचारते, "पोर रडनं का?"

हा प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या अगदी अचूक आहे. बाळ मोठ्यानं रडलं, याचा अर्थ त्याच्या फुप्फुसांत हवा शिरली. आणि ते रडलं नाही, तर? त्या 'तर'चं उत्तर शोधायला माणसाला फार काळ लागला. आणि उत्तर सापडल्यावर ते सातपुड्यातल्या पाड्यापर्यंत पोचायला आणखी काळ गेला. आजच्या लेखात हीच गोष्ट सांगायची आहे.

पण त्याआधी मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो.

किल्लीची गोष्ट

नव्वदच्या दशकाची सुरुवात. माझी इंटर्नशिप चालू होती आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आरोग्य केंद्रात माझी नेमणूक झाली होती. एका रात्री बैलगाडीतून एका बाईला आणलं. कळा दुपारपासून सुरू होत्या. पंधरा-वीस मिनिटांत डिलिव्हरी झाली, पण बाळ निळं आणि लोळागोळा. रडणं नाही, हालचाल नाही. छातीवर बोट ठेवलं तर ठोके लागत होते, मात्र संथ.

त्या केंद्रात बाळाला श्वास देण्याची बॅग होती. ती स्टॉकच्या कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते घरी गेले होते. मी बाळाची पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या, तोंडावर गॉज ठेवून फुंकर घातली. खरं सांगायचं तर ते नीट कसं करायचं हे मला कुणी हातात हात धरून शिकवलेलं नव्हतं. किल्ली येईपर्यंत बराच वेळ गेला. बॅग हातात आली, तेव्हा ठोके थांबले होते.

त्या बाळाला कसलाही जन्मजात आजार असल्याचं मला दिसलं नव्हतं. त्याला हवी होती दोन-चार मिनिटं हवा, आणि हवा तर खोलीभर होती.

दुसऱ्या दिवशी तिथल्या वयस्कर सिस्टरनी ती बॅग कपाटातून काढली आणि लेबर टेबलशेजारी भिंतीवर खिळा ठोकून त्याला टांगली. रजिस्टरमध्ये काय लिहायचं ते नंतर बघू, म्हणाल्या.

पहिल्या श्वासात काय घडतं?

पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला ऑक्सिजन मिळतो आईच्या रक्तातून, वारेमार्फत आणि नाळेतून. फुप्फुसं पाण्यासारख्या द्रवानं भरलेली असतात. जन्मल्यावर पहिल्या काही जोरदार श्वासांनी हा द्रव बाजूला ढकलला जातो, त्या जागी हवा भरते आणि फुप्फुसांतल्या आखडलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. शरीराची अख्खी वाहतूक काही क्षणांत नव्या रस्त्यानं सुरू होते.

100 बाळांपैकी साधारण 85 बाळं हे काम आपलं आपण, अर्ध्या मिनिटाच्या आत उरकतात. आणखी 10 बाळांना कोरडं पुसलं, पाठ चोळली की ती श्वास घेतात. उरलेल्या सुमारे 5 बाळांच्या फुप्फुसांत बाहेरून हवा भरावी लागते. छाती दाबणं किंवा औषधं देणं हजारात एखाद-दुसऱ्या बाळालाच लागतं. म्हणजे बहुतेक सगळा खेळ हवेचा आहे.

आता एक महत्त्वाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. ऑक्सिजन कमी पडला की बाळ आधी धापा टाकतं आणि मग श्वास थांबवतं. हे पहिलं थांबणं. या वेळी पाठ चोळली, पुसलं, थोडं डिवचलं तरी श्वास परत सुरू होतो. ऑक्सिजन कमीच राहिला, तर बाळ काही तुटक आचके देतं आणि पुन्हा थांबतं. हे दुसरं थांबणं. इथे चोळा, हलवा, ओरडा, काहीही करा, श्वास आपोआप सुरू होत नाही. फुप्फुसांत हवा भरणं हाच उपाय उरतो. ऑक्सफर्डमधले जेफ्री डॉज आणि इतर संशोधक यांनी 1960 च्या दशकात प्राण्यांच्या नवजात पिल्लांवर अभ्यास करून हे दोन टप्पे उलगडून दाखवले.

अडचण अशी की नुसतं बघून बाळ कोणत्या टप्प्यात आहे ते कळत नाही. पोटात असतानाच ते पहिला टप्पा ओलांडून आलेलं असू शकतं.

चरकापासून थाळीपर्यंत

न रडणारं बाळ ही अडचण माणसाइतकीच जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तिच्यावर उपाय दिलेले आहेत. बाळाच्या कानाजवळ दोन दगड एकमेकांवर आपटायचे, तोंडावर गार किंवा गरम पाणी शिंपडायचं, आणि तरीही हालचाल नसेल तर प्राण परत येईपर्यंत सुपानं वारा घालायचा. श्वास सुरू झाल्यावर नखं कापलेल्या बोटाला कापूस गुंडाळून बाळाचं तोंड, जीभ, टाळू स्वच्छ करायची, असंही सांगितलं आहे. नखं कापण्याची सूचना वाचून मला नेहमी वाटतं, लिहिणाऱ्यानं हे काम जवळून पाहिलेलं असणार.

आपल्या गावागावांतल्या सुईणींकडे याच जातीचे उपाय होते. बाळाजवळ थाळी वाजवायची. कांदा फोडून नाकाशी धरायचा. बाळाची नाळ न कापता वार गरम करायची, कारण जीव वारेत अडकला आहे आणि ऊब दिली की तो नाळेतून बाळात उतरेल, अशी समजूत.

हसू नका. युरोपातले मोठे डॉक्टरही यापेक्षा पुढे नव्हते. बाळाला आळीपाळीनं गार आणि गरम पाण्यात बुडवणं, उलटं धरून पाठीवर चापट्या मारणं हे तिकडेही चालायचं. जर्मनीतले प्रसूतितज्ज्ञ बर्नहार्ड शुल्त्से यांनी 1871 मध्ये एक पद्धत सांगितली. बाळाला खांद्यांशी धरायचं आणि डोक्यावर झोका देऊन पुन्हा खाली आणायचं, असं पुन्हापुन्हा. ही पद्धत पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत होती.

मग हे उपाय इतकी शतकं टिकले कसे? कारण ते कधीकधी 'लागू पडायचे'. पहिल्या टप्प्यातलं बाळ थाळीनं, कांद्यानं, झोक्यानं, कशानंही रडलं असतं. नुसतं पुसूनही रडलं असतं. श्रेय मिळायचं थाळीला. आणि दुसऱ्या टप्प्यातलं बाळ गेलं, की दोष जायचा नशिबाला. त्या दोन-तीन मिनिटांत खरा उपाय करायचा राहून जायचा, हेच या उपायांचं खरं नुकसान.

तोंडानं फुंकून श्वास देण्याची कल्पनाही नवी नाही. जुन्या काळातल्या सुईणींनी ती अनेक देशांत वापरली होती. पण ती शिकवण्याची, मोजण्याची आणि सगळ्यांपर्यंत नेण्याची व्यवस्था नव्हती.

एक बाई, एक बॅग आणि एक जुना समज

विसाव्या शतकाच्या मध्यावर तीन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट, बाळाकडे बघायला कुणीतरी सुरुवात केली. न्यूयॉर्कमधल्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांच्या लक्षात आलं की डिलिव्हरी झाली की सगळ्यांचं लक्ष आईकडे जातं, बाळ बाजूला पडलेलं असतं. त्यांनी हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी 0, 1 किंवा 2 गुण देण्याची पद्धत काढली. 1952 मध्ये ती मांडली आणि 1953 मध्ये प्रसिद्ध केली. तुमच्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डवर 'अपगार 8/10, 9/10' असं लिहिलेलं असतं, ते हेच. गुण देण्यासाठी बाळाकडे बघावं लागतं, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा. मात्र एक लक्षात ठेवा. पहिले गुण एका मिनिटाला देतात, आणि श्वास द्यायचा की नाही हे त्याआधी ठरवावं लागतं. गुणांची वाट बघत थांबायचं नसतं.

दुसरी गोष्ट, बॅग. 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं हातानं पिशवी दाबून श्वास दिला आणि मृत्यू खूप कमी झाले. हातानं दिलेला श्वास माणसाला जगवू शकतो, हे जगानं पाहिलं. त्याच डेन्मार्कमधले भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन यांनी इंजिनिअर होल्गर हेसे यांच्यासोबत दाबून सोडली की आपोआप फुगणारी पिशवी बनवली. सुरुवातीच्या नमुन्यात पिशवी फुगवायला सायकलच्या तारा वापरल्या होत्या. 1956 मध्ये ती 'अंबू बॅग' या नावानं बाजारात आली. तिला वीज लागत नाही, सिलिंडर लागत नाही. लोडशेडिंग पाहिलेल्या आपल्या लोकांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

तिसरी गोष्ट, ऑक्सिजनबद्दलचा समज. बाळाला शंभर टक्के ऑक्सिजनच दिला पाहिजे, असं आम्हाला शिकवलं होतं. सिलिंडर नसेल तर बॅग काय कामाची, असं म्हणून लोक हातपाय गाळायचे. दिल्लीतले डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे प्रा. ओला सॉगस्टाड यांनी हा समज तपासून बघितला. 1993 मध्ये दिल्लीतल्या बाळांवरचा अभ्यास आणि 1998 मध्ये अनेक देशांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवस भरलेल्या बाळांना साध्या हवेनं दिलेला श्वास शंभर टक्के ऑक्सिजनपेक्षा कमी पडत नाही, हे दिसलं. 2010 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी दिवस भरलेल्या बाळासाठी साध्या हवेनंच सुरुवात करा, असं सांगितलं. माझ्या किल्लीच्या गोष्टीत मी 'हवा तर खोलीभर होती' असं म्हटलं, ते यासाठी.

गडचिरोलीनं काय शिकवलं?

ज्ञान होतं, बॅगही होती. पण 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक डिलिव्हऱ्या घरी होत होत्या. डॉक्टर आणि बॅग दवाखान्यात, बाळ घरात. मधलं अंतर बैलगाडीचं.

हे अंतर उलट्या बाजूनं कापायचं काम झालं ते आपल्याच राज्यात, दुसऱ्या टोकाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यातल्या 39 गावांत 1993 पासून नवजात बाळांची पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात केली आणि 1995 पासून घरोघरी जाऊन त्यांची काळजी घेण्याचा प्रयोग सुरू केला. त्यासाठी गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. 'घरच्या घरी नवजात बालसेवा' असं त्याला म्हणतात. सुरुवातीला तिथे हजार जन्मांमागे सुमारे 62 बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. 1997-98 पर्यंत हा आकडा सुमारे 25 वर आला. डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष आले आणि जगभर चर्चा झाली.

या कामाचा एक भाग श्वास न घेणाऱ्या बाळांचा होता. तो टप्प्याटप्प्यानं बदलत गेला. आधी सुईणींना तोंडानं श्वास द्यायला शिकवलं होतं. मग 1996 पासून सुईणीसोबत आरोग्यदूतही डिलिव्हरीला हजर राहू लागली आणि नळी जोडलेल्या मास्कमधून फुंकून श्वास देऊ लागली. 1999 पासून तिच्या हातात बॅग आणि मास्क आला. 2005 मध्ये दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. गंभीर गुदमरलेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण 39 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आलं होतं. गुदमरण्यामुळे होणारे एकूण मृत्यू सुमारे 65 टक्क्यांनी कमी झाले होते. बॅग-मास्कचा खर्च काढला, तर टळलेल्या एका मृत्यूमागे 13 डॉलर.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला त्यातली एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. सुईण आईकडे बघत होती आणि आरोग्यदूत बाळाकडे. तोवर एकाच बाईच्या दोन हातांवर दोन जीव होते. वार पडायची असते, रक्तस्राव बघायचा असतो, आणि त्याच वेळी बाळ निळं पडत असतं. बॅग येण्याच्या आधीच, बाळासाठी वेगळे दोन हात आल्यावर मृत्यू कमी होऊ लागले होते. अपगारबाईंनी न्यूयॉर्कच्या ऑपरेशन थिएटरमध्ये जे हेरलं, तेच गडचिरोलीच्या झोपडीत खरं ठरलं. आजच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की प्रत्येक जन्माच्या वेळी, फक्त बाळाची जबाबदारी असलेली आणि श्वास देता येणारी निदान एक व्यक्ती हजर हवी.

पुढे महाराष्ट्रात सात ठिकाणी 'अंकुर' प्रकल्पातून ही पद्धत वापरून पाहिली गेली. 2009 मध्ये केंद्र सरकारनं 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम' सुरू केला. त्यात डॉक्टर आणि सिस्टरना दोन दिवसांचं प्रशिक्षण देतात, बाहुलीवर बॅग धरायला लावतात. 2011 पासून आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या.

आज आपल्याकडे

आता महाराष्ट्रात 95 टक्क्यांच्या आसपास डिलिव्हऱ्या दवाखान्यात होतात. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, 108 ची गाडी आहे. तर मग हा इतिहास उगाळायचा कशाला?

कारण दवाखान्यात जन्म झाला म्हणजे श्वास मिळालाच असं नाही. घरापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर आपण बरंच कमी केलं. कपाटापासून बाळापर्यंतचं अंतर अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. बॅग आहे पण मास्क मोठ्या माणसाचा आहे, रबर फाटलं आहे, सिस्टरला प्रशिक्षण मिळून सहा वर्षं झाली आहेत. ही कला हाताची आहे. तीन किलोच्या बाळाला एका श्वासात साधारण तीन-चार चहाचे चमचे मावेल इतकीच हवा लागते. मान किंचित मागे, मास्क नाक-तोंडावर घट्ट, मिनिटाला 40 ते 60 वेळा, आणि नजर छातीवर. छाती उचलली जात नसेल तर हवा आत जातच नाही. हे सरावाशिवाय जमत नाही आणि सराव सुटला की हात विसरतो.

तुम्ही आई-वडील होणार असाल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर आठव्या महिन्यातल्या तपासणीला डॉक्टरांना हे चार प्रश्न नम्रपणे विचारा.

1. डिलिव्हरीच्या वेळी बाळाला बघायला वेगळं कोण असेल?
2. बाळाच्या मापाची बॅग आणि मास्क त्याच खोलीत, हाताशी आहेत का?
3. बाळाला ऊब द्यायची सोय काय आहे?
4. गरज पडली तर बाळाला कुठे हलवणार आणि किती वेळात?

चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. मला तरी आजवर आलेला नाही.

आणि डिलिव्हरी रस्त्यातच झाली, तर? बाळाला कोरड्या कपड्यानं भराभर पुसा, ओला कपडा काढून टाका आणि दुसऱ्या कोरड्या कपड्यात आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवा. मे महिन्यात बाहेर 45 अंश असले, तरी पंख्याखाली ओलं बाळ गारठतं. पाठ चोळा. उलटं धरू नका, पाणी मारू नका, कांद्यात वेळ घालवू नका. तरीही श्वास नसेल, तर मान किंचित मागे करून बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडानं झाका आणि फक्त गालात मावेल एवढीच हवा हळूच फुंका. छाती उचलली जाते का बघा आणि पुन्हा फुंका. दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगा आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

त्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या. मात्र कुठल्याही दवाखान्यातल्या लेबर रूममध्ये पाऊल टाकलं की माझी नजर आधी टेबलाशेजारच्या भिंतीकडे जाते. बॅग हाताशी दिसली, की मी पुढचं बोलायला मोकळा होतो.